आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : टाईप वनच्या मुलांना सेन्सर मिळू द्या

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

माझ्या मुलीला टाईप वन डायबेटीस आहे. गोळ्या आणि पथ्यावर भागणारा हा आजार नाही. शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून दिवसातून चार-चार इंजेक्शनं, आणि दर वेळी आधी रक्तातली साखर पाहायला बोट टोचणं. टोचण्याला मुलं सरावतात. आम्ही आईबाप रात्रीला सरावत नाही. झोपेत शुगर धोक्याइतकी उतरून ७० च्या खाली गेली तर मूल सांगणार कसं? मग गजर लावून उठायचं आणि झोपलेल्या लेकराचं बोट हातात घ्यायचं. त्यातून ११० आकडा आला, तरी शुगर चढतेय की उतरतेय हे रक्ताचा थेंब तपासायची पट्टी सांगत नाही.

दंडावरचा सेन्सर ते सांगतो. कातडीखालच्या द्रवातली साखर तो सतत मोजतो, उतरू लागली की फोनवर गजर देतो. रक्तातल्या आकड्यापेक्षा तो काही मिनिटं मागे असतो. शंका आली तर बोट टोचू, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार किमतीची आहे. एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो आणि त्याला हजारो रुपये पडतात. ओळखीतल्या कितीतरी घरांत तो डॉक्टरांनी सांगितलं तरच एखाद्या वेळी लावला जातो. एरवी पुन्हा गजर लावून उठणं.

न टोचता साखर मोजणाऱ्या घड्याळांच्या जाहिराती आम्हीही पाहतो. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं होतं. आम्हाला ती नकोत. जे आज आहे, ते परवडू द्या.

२०१७ मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधून दिली. लाखाच्या घरातला औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. सेन्सरसाठी तसाच आग्रह आपण दिल्लीत धरावा. तोवर निदान अठरा वर्षांखालच्या टाईप वनच्या मुलांना जिल्हा रुग्णालयातून तो मोफत मिळावा. इंग्लंडमध्ये २०२२ पासून टाईप वनच्या सगळ्याच रुग्णांना तो देण्याची अधिकृत शिफारस आहे.

खरेदी करताना एवढं पाहा : गजर महागड्या फोनशिवायही वाजला पाहिजे, आणि सूचना मराठीत हव्यात, कारण दिवसा पोरीजवळ आजीच असते. शाळेत फोनला बंदी असते, तिथे या मुलांना सूट देणारा आदेश शिक्षण विभागाला काढायला लावा.

येत्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांमध्ये यासाठी तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
टाईप वन असलेल्या एका मुलीची आई