परदेशी सुनेच्या कागदपत्रांसाठी जिल्ह्यात मार्गदर्शन हवे

महोदय,

माझी सून व्हिएतनामची असून तिचा व माझ्या मुलाचा विवाह विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार ३० दिवसांची नोटीस देऊन नोंदवला गेला. नोंदणीनंतर सलग दोन वर्षे विवाह टिकल्यावरच परदेशी जोडीदाराला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी, म्हणजे भारतात दीर्घकाळ राहण्याची मुभा देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करता येतो, हे आम्हांला मान्य आहे. तोवर व्हिसाची मुदतवाढ ऑनलाइन मागावी लागते.

खरी अडचण नावाची झाली. आपल्याकडील रीतीप्रमाणे एका अर्जात तिच्या नावापुढे पतीचे नाव व आमचे आडनाव लिहिले गेले, पासपोर्टवर मात्र माहेरचेच नाव होते, आणि एवढ्या तफावतीपायी प्रतिज्ञापत्रे करण्यात व हेलपाटे घालण्यात आमचे कित्येक आठवडे गेले. पासपोर्टवरील नावात एका अक्षराचाही बदल करू नये, एवढे कोणी आधी सांगितले असते, तर परक्या मुलखात आलेल्या त्या मुलीची रात्रीची झोप उडाली नसती. मराठी शिकून ती आता मला ‘आई’ म्हणते.

सोलापुरात आठवड्यातून एक दिवस तरी अशा कुटुंबांसाठी मराठीतून माहिती देणारा जाणकार कर्मचारी जिल्हा प्रशासनाने नेमावा, ही कळकळीची विनंती.

— एक सासू, जुळे सोलापूर