रस्त्याचे पेव्हर ब्लॉक न बदलता रस्ता नीट करून देणाऱ्या मुकादम मामांना

सा. न. वि. वि.

मामा, फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "काम होतं, केलं" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून चारचौघांदेखत लिहितेय. इथं तरी मला पूर्ण बोलू द्या.

गेटपासून मागच्या यंत्रमागाच्या शेडपर्यंतचा आमचा रस्ता तुम्ही पाहिला तेव्हा त्यात टेम्पोच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या पडल्या होत्या आणि हौदाच्या कडेला सरळ खड्डाच होता. सुताच्या गाठी आत यायच्या, चादरींचे गठ्ठे बाहेर जायचे, आणि दर वेळी टेम्पो तिथं एका अंगावर कलायचा. पावसाळा सरला की माणसं बोलवायची, ब्लॉक उचकटायचे, खाली वाळू ओतायची, वरून ठोकून मोकळं व्हायचं, असं दरवर्षी चाललेलं. शेवटी एका ठेकेदारानं सगळे ब्लॉक जाड घाला म्हणून भलंमोठं कोटेशन हातात ठेवलं. त्यात ब्लॉकखालच्या जमिनीबद्दल चकार शब्द नव्हता.

तुम्ही आलात आणि ब्लॉककडे न बघता पहिला प्रश्न विचारलात, "ताई, नळाला पाणी कधी येतंय?" मला वाटलं तुम्हाला प्यायला पाणी हवंय! आपल्याकडे नळ काही दिवसांआड सुटतो, तोही कितीदा रात्री. मोटर बंद करायला कुणी उठेपर्यंत हौद भरून वाहतो. ते पाणी जातं कुठं, याचा विचार घरात कुणी केला नव्हता. भर मे महिन्यात तुम्ही पहारीनं हौदाजवळचा एक ब्लॉक उचललात, खालची वाळू मुठीत धरून दाबलीत आणि तळहात माझ्यापुढं केलात. तळवा ओला होता. बाहेर ऊन रणरणतंय आणि इथं जमीन भिजलेली. आणखी खणलं तर वाळूचाच जाड थर, ओतत आलो ती सगळी तिथंच, आणि तिच्याखाली थेट काळी माती. मुरमाचा पत्ता नाही. शिवाय हौद बांधताना खणलेली बाजू नुसती माती लोटून बुजवलेली, दाबलेली नाहीच.

सासरे म्हणाले, "सोलापुरात पाऊस तो केवढा, त्यानं रस्ता खचतो होय?" त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मी आता प्रत्येकाला ऐकवते. कोकणात पाऊस कितीतरी जास्त, पण तिथला जांभा पाणी पिऊन सोडून देतो. आपली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस एकदम कोसळतो. ऑक्टोबर २०२० चा पाऊस कोण विसरेल? फुगणं-आकसणं सगळीकडे सारखं होत नाही, म्हणून वरचे ब्लॉक इथं उचलतात, तिथं बसतात. ब्लॉक कितीही जाड घ्या, ते मातीबरोबरच हलणार.

आणि आमचे ब्लॉक तर चांगलेच निघाले. तुम्ही खिशातली पट्टी लावून दाखवलीत, ८० मिलीमीटर. मध्यम वाहतुकीसाठी भारतीय मानकात हीच जाडी धरलेली आहे, आमच्या टेम्पोला ती पुरून उरते. तेच ब्लॉक घासूनपुसून परत वापरले. ते कोटेशन मी अजून जपून ठेवलंय, कधी राग आला की वाचते.

पुढचं काम लोकांना कंटाळवाणं वाटेल, पण खरी गंमत त्यातच आहे. मुरूम लागेपर्यंत काळी माती काढली. हौदाभोवती तो लागेना, तिथं दोन फुटांवर थांबून तुम्ही जिओटेक्स्टाईलचं कापड अंथरलंत, म्हणजे खालची माती वरच्या मुरमात मिसळायची नाही. मग मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून रोलर. हौदाच्या भिंतीलगत रोलर नको, तिथं हातानं धुम्मस. मुरूम मुठीत दाबायचा: लाडू वळला आणि बोटानं मोडताना दोन तुकडे झाले तर ओल बरोबर, हाताला चिकटला तर जास्त, भुरभुरला तर कमी. वळवाची सर येऊन मुरूम भिजला तेव्हा तुम्ही काम सरळ थांबवलंत. बाहेर सुताचा टेम्पो उभा, सासऱ्यांचा पारा चढलेला, गाठी हातगाडीवर ओढून आणाव्या लागल्या. तुम्ही मात्र "ओल्यावर रोलर फिरवला तर नुसता थुलथुलतो, दबत नाही" एवढंच म्हणून तंबाखू मळत बसलात. त्या थांबण्याबद्दल खरं तर हे पत्र आहे. दुसरा कुणी असता तर उरकून, बिल घेऊन गेला असता.

मुरमावर खडीचा थर, तोही दाबून. त्यावर वाळू जेमतेम सव्वा इंच. सासऱ्यांनी स्वस्त पडते म्हणून क्रशरची डस्ट सुचवली, तर तुम्ही म्हणालात की बारीक भुकटी पाणी धरून ठेवते, त्याचा चिखल होतो. उंचसखलपणा खडीतच काढायचा, वाळूनं खड्डा भरायचा नाही, हे तर तुम्ही गवंड्याला इतक्यांदा सांगितलंत की तोही शेवटी तुमच्या आधी म्हणायला लागला. दोन्ही कडांना कर्ब, म्हणजे कडेचे आधाराचे ठोकळे, काँक्रीटमध्ये रोवले, नाहीतर टेम्पोच्या रेट्यानं ब्लॉक बाहेर सरकतात, फटी रुंदावतात आणि पाणी आत शिरतं. ब्लॉकही पूर्वीसारखे सरळ रांगेत न लावता हेरिंगबोन, म्हणजे नागमोडी गुंफणीच्या पद्धतीनं एकमेकांत अडकवले. उतार घरापासून गटाराकडे, मीटरला दोन सेंटीमीटर. फटींत कोरडी बारीक वाळू झाडून वरून प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरून दाबणारं यंत्र, पुन्हा वाळू, पुन्हा कॉम्पॅक्टर.

पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम तुम्ही जाता जाता केलंत. हौदाला फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारी झडप, बसवला, वरून निघणाऱ्या पाण्याला पाईप लावून तो गटारापर्यंत नेला, आणि गच्चीचं पन्हळ जे थेट ब्लॉकवर पडायचं ते शोषखड्ड्यात वळवलं.

यंदा हत्तीचा पाऊस दणकून झाला. हौदाजवळ मी स्वतः दोरी ताणून बघितलं, रस्ता जागचा हललेला नाही. गटाराच्या तोंडाशी थोड्या फटी मोकळ्या झाल्या होत्या. पहिल्या पावसानंतर वाळू पुन्हा भरावी लागेल असं तुम्ही बजावलं होतंच, ती भरून घेतली. सासरे आता पाहुण्यांना चादरी दाखवायच्या आधी रस्ता दाखवतात.

आमच्या मागच्या गल्लीतल्या दोन घरांना तुमचा नंबर दिलाय. दोघांनीही नवीन ब्लॉक बघून ठेवलेत, तेवढं आधी थांबवा. आणि तुमचा लेव्हलचा पाईप आमच्याच शेडमध्ये राहिलाय, तिकडं जाताना घेऊन जा.

आपली,
हौदवाल्या कारखान्याची सून
सोलापूर