बेटे उघडली, पगाराचे काय?

कोरोनामुळे बंद असलेले मालदीव १५ जुलै २०२० पासून पर्यटकांसाठी पुन्हा खुले झाल्याची बातमी वाचली. बातमीत निळे पाणी भरपूर होते. इथे राबणाऱ्या आम्हा परदेशी कर्मचाऱ्यांबद्दल एक ओळही नव्हती.

रिसॉर्टच्या नोकरीत मूळ पगार बेताचाच असतो. घरी पैसे जातात ते पाहुण्यांच्या बिलावरील १० टक्के सर्व्हिस चार्जच्या वाट्यातून. २०१९ मध्ये इथे १७ लाखांवर पर्यटक आले. यंदा २७ मार्चला पर्यटकांचा व्हिसा बंद झाला आणि आमचा वाटाही संपला. मे महिन्यात भारतीय नौदलाच्या ‘जलाश्व’ जहाजाने ६९८ भारतीयांना मालेहून कोचीला नेले. आम्ही मागे राहिलो ते काही समुद्राच्या हौसेने नव्हे. गेलो तर परत बोलावतील याची खात्री नव्हती.

आता पर्यटकांना व्हिसा मोफत, विलगीकरणाचीही सक्ती नाही. तरी खोल्या भरायला काही महिने जातीलच. तोवर किमान मूळ पगार तरी न कापता मिळावा, यासाठी भारतीय उच्चायुक्तालयाने येथील सरकारकडे आग्रह धरावा.

– एक वाचक, माले