धडगावहून नैरोबीला

धडगाव, जि. नंदुरबार
पोळ्यानंतरचा रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला त्या दिवशी सेतू केंद्रात उभं राहायला जागा नव्हती, धड बोलता आलं नाही. दोन-तीन देशांच्या सरकारांसाठी डिजिटल धोरणाचा मसुदा करतोयस आणि मला विचारतोस, "आपल्याकडचं काय सांगू?" फार बरं वाटलं. जळगावला हॉस्टेलच्या गच्चीवर रात्र-रात्र आपण जे बोलायचो, ते आता तुझ्या हातून कागदावर उतरणार. आज केंद्र बंद आहे, म्हणून सावकाश लिहितो.

आधारचा पहिला क्रमांक आपल्याच जिल्ह्यात दिला गेला, आठवतं ना? २९ सप्टेंबर २०१०, शहादा तालुक्यातलं टेंभली. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. पुढे २०१८ मध्ये बंगळुरूच्या आयआयआयटीत मोसिप ही आधारच्याच धर्तीची, कुठल्याही देशाला वापरता येईल अशी खुली प्रणाली उभी राहायला लागली आणि आज फिलिपिन्स, मोरोक्को असे देश आपली ओळखपत्रं तिच्यावर बांधतायत. म्हणजे टेंभलीत सुरू झालेली गोष्ट फिरत फिरत तुझ्या टेबलावर आली आहे. मग टेंभलीच्या वर, सातपुड्यात काय घडतं तेही त्या टेबलावर यायला हवं.

गेल्या महिन्यात एका पाड्यावर गेलो होतो. रेशन दुकानात रेंज नाही. दुकानदार अंगठा घेणारं ई-पॉस मशीन पिशवीत घालून वर टेकाडावर जातो, मागोमाग सगळी माणसं. तिथे एका महूच्या झाडाखाली दोन कांड्या रेंज येते. रांगेत एक म्हातारी होती, अंत्योदयचं कार्ड, महिन्याला ३५ किलो धान्य. तिने अंगठा ठेवला, मशीनने घेतला नाही. लुगड्याच्या पदराला पुसून पुन्हा ठेवला. मग दुसरं बोट, मग डावा हात. दहाही बोटं झाली. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. जन्मभर दगड-माती उचलून बोटांची टोकं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालेली, रेघ म्हणून शिल्लक नाही. कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचा अंगठा चालला असता, पण मुलगा-सून ऊसतोडीला गुजरातमध्ये. ओटीपीही मुलाच्याच मोबाईलवर जाणार. दुकानदार म्हणाला, "आजी, उद्या या." ती काही बोलली नाही. रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि उतरायला लागली.

नियम नव्हता असं नाही, बरं का. ऑक्टोबर २०१७ मध्येच आधार प्राधिकरणाने लिहून दिलंय की बोटं जुळली नाहीत म्हणून कुणाचा हक्क अडवायचा नाही, दुसरा मार्ग वापरा, वहीत नोंद करून धान्य द्या. मी ते दुकानदाराला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "भाऊ, मशीनबाहेर दिलं आणि साठ्यात कमी दिसलं तर मला भरून द्यावं लागेल. वहीवर सही कोण करणार?" याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. वर दोन-चार फोन केले, तिसऱ्या दिवशी तिला धान्य मिळालं. दोन दिवसांच्या दोन खेपा फुकट, त्याही पायी.

मला सर्वांत लागलं ते पुढेच. समजा मी तिथे नसतो आणि ती पुन्हा आलीच नसती. महिन्याच्या तक्त्यात तिच्या नावापुढे 'धान्य उचललं नाही' एवढंच आलं असतं. गरज नसल्याने न आलेला माणूस आणि दहा बोटं लावून परत गेलेली म्हातारी, दोघं तक्त्यात सारखीच. अंगठा न जुळल्याची नोंद कुठल्यातरी सर्व्हरवर पडतही असेल, पण तिचा जाब कुणाला द्यावा लागत नाही. वर अहवाल जातो तो नोंदण्या किती झाल्या आणि व्यवहार किती झाले याचा. पैसे देणाऱ्या परदेशी संस्थाही हेच दोन आकडे मागतात. तू तिसरा माग. किती जण रिकाम्या पिशवीने परत गेले?

तू ज्या शहरात राहतोस तिथलंच बघ. मोबाईलवरून पैसे पाठवायचं एम-पेसा २००७ मध्ये सुरू झालं. ब्रिटिश सरकारच्या विकास निधीची मदत होती आणि चाचणी होती लहान कर्जांचे हप्ते फोनवरून भरायची. लोक मात्र एकमेकांना पैसे पाठवायला लागले. ते चालवणाऱ्या सफारीकॉम या मोबाईल कंपनीने ते ओळखलं, केनियाच्या मध्यवर्ती बँकेने बँकेचा परवाना न मागता अटी घालून वाट दिली आणि लोकांचा पैसा बँकेत विश्वस्त खात्यात राहिला. आणि गल्लीत रोख देणारा-घेणारा ओळखीचा दुकानदार होता. पैसे अडकले तर जाऊन बसायला एक माणूस होता, हे मला तंत्राइतकंच मोठं वाटतं.

त्याच देशात 'हुडुमा नंबा'चं, म्हणजे तिथल्या आधारचं, काय झालं तेही तुला माहीत आहे. २०१९ मध्ये आधी लोकांची बोटं घेतली, माहिती-संरक्षणाचा कायदा त्या वर्षाच्या नोव्हेंबरात आला. नुबियन समाजाची संघटना न्यायालयात गेली, कारण ज्यांना मुळात कागदच मिळत नाहीत ते आणखी बाहेर फेकले जाणार होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने कार्डवाटपही बेकायदा ठरवलं. क्रम चुकला की कसं होतं ते बघ. आपल्याकडेही आधार २०१० चा आणि वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ चा.

आणखी एक गोष्ट, छोटी पण रोजची. आमच्याकडे पाड्यांवर असंख्य लोकांची जन्मतारीख १ जानेवारी आहे. नोंदणीच्या वेळी घाईत अंदाजाने वय घातलं गेलं. आता श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं लागतात. सत्तरीचा दिसणारा माणूस कार्डावर अठ्ठावन्नचा निघतो. जन्मतारीख दुरुस्त करायची मुभा एकदाच आणि पुरावा जन्माच्या दाखल्यासारखा. तो दाखला त्याच्या जन्मी कुणी दिला? असा माणूस केंद्रात समोर बसतो आणि पावरी बोलीत शांतपणे विचारतो, "मग मी किती वर्षांचा?" घरी गेल्यावरही ते डोक्यातून जात नाही.

म्हणून माझं मागणं एकच. न्यूयॉर्कला सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत 'ग्लोबल डिजिटल कॉम्पॅक्ट' हा डिजिटल कारभाराचा करार मंजूर झाला, जागतिक बँकेनेही २०१६ च्या विकास अहवालात सांगितलं की नियम, कौशल्य आणि जबाबदार यंत्रणा नसतील तर नुसतं तंत्र पुरत नाही. तत्त्वं सगळ्यांनी मान्य केलीत. तू मसुद्याचं पहिलंच कलम मशीन 'नाही' म्हणाल्यावर काय होतं याचं लिही. धान्य त्याच दिवशी द्यायचं, वहीवर सही कुणाची ते पदासकट लिहायचं, सही करणाऱ्याला साठ्यातल्या फरकाचं भय नको, आणि परत गेलेल्यांचा आकडा दर महिन्याला गावात वाचून दाखवायचा, गावाच्या बोलीत. या कलमाला पैसेही तिथेच बांधून ठेव, नाहीतर ते आपल्या वहीसारखं कागदावर राहील.

दिवाळीत येशील तेव्हा चार दिवस जास्त काढ. आधी घाट उतरून टेंभलीला जाऊ, मग वर त्या महूच्या झाडाखाली. धान्यवाटपाच्या दिवशीच जाऊ म्हणजे रांगेत बसून तुला स्वतः विचारता येईल. आईने कळण्याचं पीठ आणि वाळवलेल्या मिरच्या बांधून ठेवल्यात, तुमच्याकडे येणारं कुणी असेल तर कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. मसुदा तयार झाला की मला पाठव, रात्री जागून वाचतो.

तुझाच