स्वयंसेवकालाही खूप काही मिळतं

मा. संपादक,
5 डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन, युनोच्या आमसभेने 1985 साली ठरवलेला, पण तेव्हा सगळे बोलतात ते समाजाला काय मिळतं यावर, काम करणाऱ्या पोरापोरींना काय मिळतं ते कोणी सांगतच नाही म्हणून लिहितेय.

मी 2 वर्षं अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते आणि परीक्षेला त्यांची लेखनिक म्हणून बसते. आधी चार लोकांत बोलायची पण भीती वाटायची, आता न अडखळता वाचते, आणि मुख्य म्हणजे नीट ऐकायला शिकले, कारण लेखनिकाने समोरचा सांगेल तेवढंच लिहायचं असतं, उत्तर चुकतंय हे दिसत असलं तरी आपलं डोकं चालवायचं नाही, आणि खरं सांगते हे मला फार जड गेलं. काहीजण फक्त सर्टिफिकेटसाठी येतात, येऊ देत की, त्यातले काही टिकतात. फक्त कॉलेजांनी स्वयंसेवेचे तास मोजत बसण्यापेक्षा मुलांना आवडीचं काम निवडू द्यावं.

मी जिचा पेपर लिहिला ती पास झाली तेव्हा तिने घरच्यांनंतर पहिला फोन मला केला. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या रिझल्टला पण झाला नव्हता.

– एक कॉलेज विद्यार्थिनी