चाळ न विचारता घेतली, त्याबद्दल

रत्नागिरी,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इथे सगळं ठीक आहे. फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई मधल्यामध्ये गाळते, म्हणून लिहायला बसले. आई, मोठ्याने वाचून दाखव त्यांना. आणि गाळू नकोस, विशेषतः आता लिहिते ते.

बाबा, तुमची घुंगरांची चाळ मी न विचारता घेतली. माजघरातल्या फडताळात, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली होती, तीच. गणपतीनंतर घर झाडायला गावी गेले होते तेव्हा. आणि ती अकरा वर्षांच्या एका पोराच्या पायात बांधली. का, ते आधी ऐका, मग रागवा.

आमच्या बॉलरूम नाचाच्या वर्गात एक बंड्या आहे. मिरकरवाड्यातला. त्याचा बाप बोटीवर असतो आणि गणपतीत अजून जाखडी नाचतो. बंड्याची जोडीदारीण दहा वर्षांची, तिला सगळे छोटीच म्हणतात. दिवाळीनंतरच्या रविवारी मुंबईला स्पर्धा आहे, त्यात बारा वर्षांखालच्या गटात ही दोघं वॉल्ट्झ आणि चा-चा-चा नाचणार. आणखी एक जोडी आहे, पण ती मोठी मुलं, त्यांची मला काळजी नाही. झोप उडवली आहे ती या दोघांनी.

वॉल्ट्झ म्हणजे नेमकं काय, हे बाबांना मी कधी नीट सांगितलंच नाही. "तो साहेबी नाच" म्हणालात की आपलं बोलणं तिथेच थांबायचं. तर ताल तीनचा. दादऱ्याची अर्धी बाजू घ्या, धा धिं ना, आणि तीच धरून बसा. मिनिटाला अशी २८ ते ३० आवर्तनं, म्हणजे तशी निवांत लय. पुढे जाताना एकवर टाच जमिनीला लागते आणि तळवा सरकत बसतो. दोनवर अंग वर चढत जातं, तीन संपता संपता गुडघा सैल होऊन पुन्हा खाली येतं. तालाचा जोर पहिल्या मात्रेवर असतो, पण तो ऐकू येता कामा नये, नुसता दिसायला हवा.

बंड्याचा ऐकू येतो. धप्प! श्रावणात पोरगं छान ताळ्यावर आलं होतं. मग गणपती आले. गणपतीत प्रॅक्टिस ठेवली असती तर पालकांनी मला वाळीतच टाकलं असतं, त्यामुळे वर्ग बंद. हा गडी रोज रात्री बापाबरोबर जाखडीत. परत आला तो उजवा पाय घेऊन. वॉल्ट्झची पहिली मात्रा आली की उजवा पाय लादीवर असा आपटायचा की खालच्या मजल्यावरचे शिंपी वर बघायला आले. "हळू टाक" सांगितलं की पाऊल हळू पडायचं, पण तालाच्या मागून. "तालात टाक" म्हटलं की पुन्हा धप्प. आठ दिवस हेच चाललं होतं.

तेव्हा मला तुमचं बोलणं आठवलं. दादाला शिकवत होतात तेव्हाचं. "चाळ पायाने नाय वाजत, गुडघ्याने वाजते. गुडघा सैल सोड, पायाचं पाय बघून घेईल." अंगणात पेट्रोमॅक्स, मध्ये ढोलकी घेऊन काका, तुम्ही दादाच्या गुडघ्याला हात लावून दाखवत होतात, आणि मी दाराच्या उंबऱ्याआड बसून माझा गुडघा सैल सोडत होते. दादाला ते कधी जमलं नाही. मला त्याच रात्री जमलं. हे आजवर बोलले नव्हते.

तर चाळ बंड्याच्या उजव्या पायाला बांधली आणि म्हटलं, आता वॉल्ट्झ कर. मी खुर्चीवर डोळे मिटून बसले. घुंगरू आहेत म्हटल्यावर आवाज होणारच, पण आपटल्याचा आवाज वेगळा आणि सरकल्याचा वेगळा. पहिल्या दिवशी नुसतं छण्ण, छण्ण. पोरं खिदळत होती. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "ताई, पाय उचलताना गुडघा घट्ट होतोय माझा." मी सांगितलं नव्हतं हो त्याला, त्याचं त्याला कळलं. मग एका संध्याकाळी पलीकडून सुपात तांदूळ पाखडल्यासारखा बारीक, लांबट आवाज यायला लागला. डोळे उघडले तर बंड्या छोटीला घेऊन अर्ध्या हॉलपर्यंत गेला होता.

हॉल म्हणजे कसला, शिंप्याच्या दुकानावरची गच्ची, वर पत्रा टाकलेला. आधी एका शाळेचा हॉल ठरला होता. पैसेही भरले होते. मग कोणीतरी जाऊन सांगितलं की तिथे मुलगा-मुलगी हात धरून नाचतात, की झालं, "दुरुस्तीचं काम निघालंय." अजून निघतंच आहे. पैसे तेवढे परत मिळाले. जाऊ दे.

पण पावसाळ्यात या लादीने फार छळलं. लादी घाम सोडते. नाचाच्या बुटांना तळाला मऊ, केसाळ कातडं असतं, ते ओलं झालं की आधी घसरतं आणि वाळलं की दगड होतं. तारेच्या ब्रशने घासून घासून केस उभे करायचे. आषाढात सगळ्या बुटांवर हिरवी बुरशी आली, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीवर टांगून ठेवले. तेव्हापासून माझ्या वर्गाला सुक्या बोंबलाचा आणि धुराचा मिळून एक वास आहे. प्रॅक्टिस पायमोज्यांवर. मुंबईला लाकडी जमीन असेल, तिथे पाऊल दुप्पट सरकतं, म्हणून मी पोरांना आतापासूनच पाऊल आखूड घ्यायला लावते आहे.

छोटीच्या आजीचं सांगायचं राहिलं. आई, तुला ही बाई आवडेल. परक्या पोराच्या हातात हात कशाला, म्हणून नातीला न्यायला आली होती. सुपारी कातरत दारात बसली. बघता बघता म्हणाली, "गो बाय, ह्यो हिला वडतोय, का हीच ह्याला वडतेय?" मी दोन महिने जे पालकांना समजावत होते ते या बाईने पाच मिनिटांत पकडलं. छोटीच ओढते. तिला बंड्याआधी कळतं कुठे जायचं ते, मग धीर धरवत नाही. वॉल्ट्झमध्ये मुलाने दिशा द्यायची, तीही हाताने ढकलून नाही, छातीच्या रोखाने. म्हणून दोघांचे हात सोडवले, तळव्याला तळवा लावून मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद धरायला दिला. कागद पडायला नको, फाटायलाही नको. पहिल्या आठवड्यात रद्दी संपली. आता एक कागद दोन दिवस पुरतो.

आजी तेव्हापासून रोज येते. तिची एकच तक्रार राहिली आहे. बॉलरूममध्ये सगळ्या जोड्या जमिनीभोवती एकाच दिशेने फिरतात, नाहीतर टकरा होतील. ती दिशा आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. देवळात देव उजव्या हाताला ठेवून फिरतो, इथे मधला भाग डाव्या हाताला. "उलटं फिरणं बरं नव्हं," म्हणाली. मी म्हटलं, आजी, मध्ये देव नसतोच, परीक्षक कडेला उभे असतात. ते तिला पटलेलं नाही. घरी जाताना नातीला भैरीच्या देवळात नेऊन सुलट फिरवून आणते म्हणे.

बाबा विचारतील, नंबर कसा काढतात. तुमच्या जाखडीत शक्तीवाले-तुरेवाल्यांच्या सवाल-जवाबाच्या बारीत लोक उठून गेले की निकाल लागला. इथे सुरुवातीच्या फेऱ्यांत परीक्षक फक्त पुढे कोणाला बोलवायचं त्या जोड्यांवर खूण करतात. मुलाच्या पाठीवर नंबर टाचलेला असतो तो बघून. नाव नाही, गाव नाही. अंतिम फेरीत मात्र प्रत्येक परीक्षक सगळ्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम देतो. परीक्षकांची संख्या विषम. मग बेरीज करत नाहीत, बहुमत बघतात. समजा सात परीक्षक आहेत. तिघांनी एका जोडीला पहिला दिला, पण बाकी चौघांनी पाचवा-सहावा. दुसऱ्या जोडीला कोणीच पहिला दिला नाही, पण चौघांनी दुसरा दिला. तर पुढे जाते ती दुसरी जोडी. बर्फावरच्या स्केटिंगवरून ही पद्धत आली, म्हणून नावही स्केटिंगच.

गेल्या वर्षी छोटी यावरूनच रडली होती. सातांपैकी एकाने त्यांना पहिला दिला होता, दोघांनी चौथा, उरलेल्यांनी पाचवा-सहावा. आली पाचवी. कागदावरच्या त्या एक आकड्यावर बोट ठेवून विचारत होती, "ताई, ह्यांना आवडलं ना? मग?" परतीच्या गाडीत ठाण्यापासून खेडपर्यंत तेच. मला काही सुचलं नाही, मी तिला वडापाव घेऊन दिला. आणि खरं सांगते, त्या एका परीक्षकाचा चेहरा मीही लक्षात ठेवला आहे.

या वर्षी तिच्यावर एकदा ओरडले. पायाकडे बघते सारखी, मान खाली गेली की पाठीची सगळी रेघ मोडते. मी म्हणाले, खाली काय पैसे पडलेत का? दोन दिवस आली नाही. शेवटी मीच घरी गेले, आजीने घावणे-चटणी दिली, छोटी पडद्याआडून बघत होती. ओरडण्याबद्दल मी काहीच बोलले नाही, म्हणजे माफी मागायला हवी होती, ती काही तोंडातून निघाली नाही. आई, हे माझ्यात कुठून आलंय ते तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी आली. आता मान वर असते, पण माझ्याकडेच बघते, बंड्याकडे नाही.

कपड्यांवरून वेगळंच महाभारत झालं. छोटीच्या आईने शालूचा काठ झग्याला लावायचा ठरवलं होतं, वर टिकल्या. आंतरराष्ट्रीय नियमांत अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांना चमचम, खडे, टिकल्या काही चालत नाही, मेकअपही नाही. मुलाला काळी पँट, पांढरा शर्ट. आम्हीही तेच धरून चालतो. छोटीची आई माझ्यावर नाराज आहे. "मग लोकांना दिसणार काय?" म्हणाली. इंग्लंडात ब्लॅकपूल म्हणून समुद्रकाठचं गाव आहे, आपल्यासारखंच वाऱ्याचं, तिथे १९२० पासून बॉलरूमचा उत्सव भरतो आणि १९४७ पासून मुलांचा वेगळा. त्या मुलांचे व्हिडिओ तिला दाखवले. तिने एकच प्रश्न विचारला, "तिथेपण लादी घाम सोडते का?"

पैशांचं म्हणाल तर बरं चाललंय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने मिरकरवाड्यातल्या पोरांची फी मी मागत नाही, नारळीपौर्णिमेनंतर आपोआप येते. कधी सुरमई येते.

आता कामाचं. शुक्रवारी रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसची तिकिटं काढली आहेत. चार पोरं, छोटीची आजी आणि मी. ठाण्याला उतरून डोंबिवलीला दादाकडे येतो, रात्र तिथेच. सहा माणसं म्हटल्यावर वहिनीच्या कपाळावर आठी येईल, तर आई, तूच हळूच बोल तिच्याशी. पोरं हॉलमध्ये सतरंजीवर झोपतील. आजी सुपारी बरोबर आणते. जेवण साधं ठेव, तळलेलं काही नको, वरण-भात बस्स.

रविवारी तुम्ही दोघांनी यायचं आहे. रिक्षा, टॅक्सी सगळं दादा बघणार आहे, त्याच्याशी बोलले. पायऱ्या नाहीत, विचारून घेतलं. जमिनीच्या लांब बाजूला खुर्ची मिळाली तर बरं, तिथून जोडी येताना आणि जाताना दोन्ही दिसते. डॉक्टरांनी गुडघा फार वेळ वाकवून बसू नका सांगितलंय ना, तर समोर स्टूल लावू. बाबा, नाचात काय चांगलं आणि काय वाईट ते मला सांगू नका तिथे. नुसतं बंड्याच्या उजव्या गुडघ्याकडे बघा.

आणि चाळीचं. मी नऊ वर्षांची असताना एकदा तीच चाळ गोठ्यात बांधून बघितली होती, तुम्ही आलात. मारलं नाहीत. बसलात, गाठ सोडवलीत आणि चाळ फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवलीत. परवा तिथेच होती. आता स्टूल लागलं नाही.

दोरी कुजली होती, नवीन सुताची ओवली. ओवताना एक घुंगरू गच्चीच्या पन्हळीत गेला, बंड्या आणि मी तास दीड तास शोधला, नाही सापडला. तेवढा एक कमी आहे. चाळ बरोबर घेऊन येऊ की परत वरच्या फळीवर ठेवू, ते आईकडून कळवा. तिकिटं शुक्रवारची आहेत, म्हणजे गुरुवारपर्यंत कळलं तरी मला गावी जाऊन येता येईल.

तुमची,
बेबी