कळमनुरीच्या सिस्टरांचे आणि जीपवाल्या दादांचे आभार

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा फोटोवरून ओळखणाऱ्या संगणक प्रणालीवर मी पीएचडी करते. याच विषयावरच्या २०१६ च्या गाजलेल्या अभ्यासात संगणकाला १,२८,१७५ फोटो दाखवून शिकवलं होतं. पण फोटोच धड आला नाही तर प्रणाली काय करणार? कळमनुरी तालुक्यातल्या एका शिबिरात नेमकं तेच झालं. पत्र्याच्या खोलीत फटीफटीतून ऊन, डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या, आणि बहुतेक फोटो ‘अस्पष्ट’ म्हणून बाद. लोक कंटाळून उठायला लागले.

उपकेंद्राच्या सिस्टरांनी कुणी न सांगता घरोघरून घोंगड्या, सतरंज्या मागवल्या आणि फटी झाकल्या. प्रत्येकाला आधी थोडा वेळ अंधारात बसवलं, म्हणजे थेंब न घालता बाहुली मोठी होते. एका आज्जींची मान सारखी हलत होती. सिस्टरांनी मागं उभं राहून दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं आणि “आज्जी, हिरव्या ठिपक्याकडं बघा, मी हाय ना,” असं म्हणत राहिल्या. फोटो स्वच्छ आला. डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके होते! नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेणं भाग होतं; जीपवाल्या दादांनी भाड्याचं नावही काढलं नाही.

सिस्टर म्हणाल्या, नाव छापू नका, म्हणून छापत नाही. सिस्टर, दादा आणि घोंगड्या देणारे सगळे गावकरी, तुमचे मनापासून आभार. आज्जींचं लेझर झालंय, पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.